चार फुटांचं टाकं

१

दादा रोज सकाळी साडेसहाला टाक्यात ताटली सोडायचा.

गढा या वस्तीतल्या आमच्या घराच्या परसात ते टाकं त्यानं स्वतः बांधलं होतं. दहा फूट लांब, आठ फूट रुंद, चार फूट खोल. आत कोई जातीचे अकरा शोभेचे मासे. त्यातली सगळ्यात मोठी नारिंगी मासोळी म्हणजे बेबी. दादा, माझा मोठा भाऊ हेमचंद्र, शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. दिवसभर गावाचं पाणी तपासायचा आणि घरी येऊन माशांचं.

ताटली तामचिनीची, पांढरी, निळ्या काठाची. तिला तीन भोकं पाडून दोरी बांधलेली, खाली वजनाला लोखंडी नट. दोरीला फुटाफुटावर गाठ. सोडण्याआधी तो अंगठ्यानं ताटली दोनदा पुसायचा. मग हळूहळू खाली सोडायचा आणि ती दिसेनाशी झाली की किती गाठी भिजल्या ते वहीत लिहायचा. पाणी हिरवं असलं तर दोन गाठी. पाणी साफ असलं तर चार, म्हणजे तळापर्यंत.

"चारच्या वर जागाच नाही," असं म्हणून हसायचा.

मार्चमधल्या एका सकाळी अंजनीवहिनी चहा घेऊन परसात गेली तेव्हा तो टाक्याच्या काठाला टेकून बसला होता. डोळे उघडे होते. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. बेचाळीस वर्षांचा होता.

दोरी त्याच्या मुठीत होती. ताटली नव्हती. दोरी तुटलेली नव्हती, टोकाची गाठ सोडवलेली होती, नखानं उकलावी तशी नीट.

त्या दिवशी कोणाचं लक्ष गेलं नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीनं ती दोरी कपड्यांच्या तारेवर वाळत टाकली, कारण तिला कुबट वास सुटला होता. तारेवर तिचे कितीतरी फेरे झाले. दोरी साठ फुटांची होती आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओली होती.

मी बघत उभा राहिलो. चार फूट पाण्यात साठ फूट दोरी भिजते कशी? मग वाटलं, धावपळीत कोणाच्या तरी पायानं सगळी टाक्यात गेली असेल. ते मला पटलं. त्या दिवसांत मला काहीही पटत होतं.

२

ती दोरी आमच्या बापाची.

आमचा बाप सुखराम भंडाऱ्याकडून इकडे हिंदी मुलखात आला तो विहिरी साफ करायला. पाटणपर्यंत त्याला बोलावणी असायची. मी सहावीत शाळा सोडली आणि त्याच्यासोबत जायला लागलो. दादा शिकत होता, पण सुट्टीच्या दिवशी तोही यायचा. तो अंगानं हलका, म्हणून तो खाली उतरायचा. मी जाड, मनगटं भक्कम, म्हणून मी वर.

उतरणाऱ्याला दोन दोऱ्या असतात. एक जाड, वजन पेलायची. दुसरी बारीक, इशाऱ्याची, कंबरेला बांधलेली; तीच ही. खालून आवाज नीट येत नाही, विहीर तो फिरवते, म्हणून सगळं बोलणं त्या बारीक दोरीवर. एक हिसका म्हणजे ढील दे. दोन म्हणजे ओढ. तीन म्हणजे पाय टेकले.

आणि बापानं पहिल्याच दिवशी सांगितलेलं एक, जे इशाऱ्यांत मोजत नाहीत. खालचा माणूस वर येईपर्यंत वरचा माणूस दोरी सोडत नाही. तहान लागो, मधमाश्या येवोत, सोडत नाही.

मी कधी सोडली नाही. बाकी सगळं सोडलं. शाळा सोडली, गॅरेज सोडलं. दादानं साहेबांच्या हातापाया पडून मला केंद्रातल्या पंपावर रोजंदारीला लावलं, तर तिथल्या मुकादमाला मी दुसऱ्या महिन्यात थोबाडीत मारली. त्या रात्री दादा म्हणाला, "गुणा, तुझ्या हातात काही टिकत नाही."

त्या शब्दावर मी घर सोडलं आणि घमापूरला एका मित्राच्या खोलीवर जाऊन राहिलो. दोन महिने बोललो नाही. मग एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

"गुणा, उद्या सकाळी येतो का? दोरी धरायला कोणी पाहिजे."

"कोणत्या विहिरीवर?"

"घरीच. टाक्यावर."

"चार फुटांच्या टाक्याला दोन माणसं काहून लागतात?"

मागे पंपाचा घुर्रघुर्र आवाज येत होता. मग म्हणाला, "तू ये ना. पाहशील. एकट्यानं होत नाही."

"माझ्या हातात काही टिकत नाही ना? मग दुसरा पाहा," असं म्हणून मी फोन कापला.

त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ म्हणजे मी वर सांगितली ती.

३

सातव्या दिवशी दादासाठी पुण्यानुमोदनाचा विधी झाला. पांढऱ्या कपड्यातली माणसं जेवून गेली. मी सतरंज्या गुंडाळत होतो तेव्हा वहिनी म्हणाली, "भाऊजी, मी मुरमाचा टिप्पर सांगितला आहे. पुढच्या महिन्यात येईल. ते टाकं बुजवून टाकू."

"आणि मासे?"

"कोणाला तरी देऊन टाकू. मी रोज सकाळी तिकडे पाहते अन् चहा दोन कप ठेवते. मला नाही होत."

मला राग आला, पण कोणाचा ते कळेना. परसात गेलो. सात दिवसांत पाणी हिरवं झालं होतं, काठाला शेवाळ धरलं होतं. मला वाटलं, दादाचं पाणी असं नको. साफ केलं तर वहिनीचंही मन बदलेल. आणि ताटली पण सापडेल.

मासे टपांमध्ये काढले. पंप लावून टाकं पूर्ण उपसलं. तळ घासला. निळ्या रंगाचं सिमेंट, कुठे भेग नाही, भोक नाही. ताटली नव्हती. गाळ चाळणीतून काढला, नट तरी मिळेल म्हणून. काहीच नाही.

मग मी बापानं शिकवलं होतं तसं केलं. विहीर साफ झाली की जे करतात ते. कोपऱ्यातल्या निळ्या ड्रमात गाळणीचे स्पंज होते, तपकिरी, बुळबुळीत. ते नळाखाली धरून पांढरे होईपर्यंत पिळले. टाकं नळाच्या पाण्यानं भरलं. तुरटी फिरवली, चांगली दोन ढेकळं. आणि वर मूठभर ब्लीचिंग पावडर.

पाणी काचेसारखं झालं. मी मासे सोडले.

पंधरा मिनिटांत सगळे वर आले. तोंड बाहेर काढून नुसते आ वासत होते. बेबी आडवी झाली होती.

वहिनी दारात येऊन उभी राहिली. "काय केलं भाऊजी?" एवढंच म्हणाली. त्यापेक्षा तिनं मारलं असतं तर बरं.

४

मी दादाच्या ऑफिसातल्या भैयालालजींना फोन केला. ते स्कूटरवर आले तेव्हा तीन मासे गेले होते. त्यांनी खिशातून हायपोच्या खड्यांची पुडी काढली आणि बादलीत विरघळवून टाक्यात ओतली. त्यानं क्लोरीन मरतं. अर्ध्या तासात बाकीचे आठ खाली गेले. बेबी शेवटी.

"स्पंज किसने धोया?"

"मी. मैंने. खूप घाण होती त्यावर."

भैयालालजींनी डोक्याला हात लावला. "अरे बेटा, वो गंदगी नहीं थी. उसी में तो जान थी. मछली जो छोड़ती है, उसे वही खाती थी. तूने पूरी बस्ती उजाड़ दी."

मग त्यांनी मला दादाची पेटी उघडून दिली. काचेच्या नळीत पाच मिली पाणी, वरून थेंब. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया आहे. माझं पाणी गर्द हिरवं झालं. तुरटीनं पीएच खाली आलेला, तो खाण्याच्या सोड्यानं वर आणायचा, पण चिमूटचिमूट, कारण पीएच एकदम चढला की तोच अमोनिया जास्त जाळतो. नळाचं पाणी ड्रममध्ये दोन दिवस हवा देत ठेवायचं, मगच वापरायचं. रोज चौथा हिस्सा पाणी बदलायचं. खाणं जवळजवळ बंद.

"कब तक?"

"जब तक जान वापस न आए. महीना लगेगा. कर पाएगा?"

वहिनी तिथेच उभी होती. मी तिच्याकडे बघून म्हणालो, "टिप्पर येईपर्यंत मला द्या. मासे जगवून देतो. मग बुजवा."

ती म्हणाली, "तुमच्या हातानं होईल?"

तिनं टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं.

मी परसाकडच्या खोलीत बिछाना टाकला. सकाळी पहिली नळी, दुपारी दुसरी. हिरवं. हिरवं. फिकट हिरवं. पंपाच्या आवाजाची सवय झाली. बारा दिवसांनी स्पंजवर पुन्हा तपकिरी बुळबुळीत थर आला. मी बोट लावून पाहिलं आणि मला रडू आलं. घाणीसाठी रडणारा मीच एक असेन.

तेविसाव्या दिवशी नळी पिवळी राहिली. मी वहिनीला हाक मारली. तिनं नळी उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "हा पिवळा त्यांचा आहे."

५

आता पाणी किती साफ आहे ते मोजायचं राहिलं होतं. वहिनीनं त्याच संचातली दुसरी ताटली दिली. मी तिला भोकं पाडली, खाली नट लावला, बापाची दोरी बांधली आणि सोडली. चार गाठी, मग तळाला ठण्ण. ठीक.

वहीत लिहायला पान उघडलं. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून दादाची वही मी आजवर उघडली नव्हती. तारीख, अमोनिया, पीएच, गाठी. जानेवारीभर गाठींच्या रकान्यात चार, चार, चार. फेब्रुवारीच्या मध्यावर एक पाच. मग पुन्हा चार. मग सात. बारा. वीस. एकतीस. तो गेला त्याच्या आदल्या दिवशी सत्तेचाळीस, आणि पुढे त्याच्या बारीक अक्षरात: गुणाला बोलावणे.

मी ते पान घेऊन भैयालालजींकडे गेलो. ते राइट टाउनमधल्या माशांच्या दुकानात माझ्यासाठी खाणं निवडत होते. त्यांनी चष्मा लावून पाहिलं.

"कुछ और नापा होगा."

"काय?"

"पता नहीं, बेटा." त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "पर हेमचंद्र ने गलत कभी नहीं लिखा. बीस साल में एक बार भी नहीं."

दुसऱ्या दिवशी चार. त्याच्या पुढच्या दिवशीही चार, पण ठण्ण झालं नाही.

ताटली चौथ्या गाठीवर थांबायला हवी होती. थांबली नाही. पाचवी गाठ पाण्यात गेली. सहावी. ताटली मला दिसत होती, पांढरी, स्वच्छ, फक्त थोडी लहान.

मी ती ओढून काढली. परसातला बांबू आणून पाण्यात खुपसला. चार फुटांवर टक्क. दुसऱ्या कोपऱ्यात टक्क. मधोमध टक्क. तळ होता. मी तो स्वतः घासला होता. मग मी स्वतःला सांगितलं, दोरी ताणली गेली असेल, गाठी सरकल्या असतील, पाण्यात वस्तू खोल दिसते. पट्टी आणून गाठी मोजल्या. फुटाफुटावरच होत्या.

माझं डोकं शाबूत नाही, असं मी ठरवलं. भाऊ गेला की माणसाचं होतं तसं. ते मानणं सोपं होतं.

तरी रोज सकाळी सोडायचो. नऊ. पंधरा. मासे काठाकाठानं फिरायचे, मधल्या भागावरून कोणीच जायचं नाही. बेबी तिथपर्यंत यायची आणि वळायची.

अमोनिया शून्य. पीएच साडेसात. इतकं चांगलं पाणी दादाच्याही वहीत नव्हतं.

६

टिप्पर दहा वाजता येणार होता. मी साडेसहाला ताटली सोडली.

का ते सांगता येणार नाही. सोडण्याआधी मी तिच्यावरून अंगठा दोनदा फिरवला. ते मी आधी कधी केलं नव्हतं.

वीस गाठी. तीस. ताटली रुपयाएवढी दिसत होती. चाळीस. सत्तेचाळिसाव्या गाठीला दोरी हातात सैल पडली. नटाचं वजन गेलं. खालून कोणी ताटली हातावर घ्यावी तसं.

पाण्यावर एक तरंग नव्हता. शेजारच्या घरी कुकरची शिटी झाली.

मग एक हिसका आला.

तो हिसका मी पंचवीस वर्षं ओळखतो. बाप झटका द्यायचा, खांदा निखळेल असा. दादा मात्र मनगट वळवून द्यायचा, विचारल्यासारखा. माझ्या हातांनी मला विचारलं नाही. त्यांनी ढील दिली.

पुन्हा एक. पुन्हा ढील. पन्नास. चोपन्न. मी गुडघ्यांवर बसलो होतो, तोंड पाण्याजवळ. "दादा," मी म्हणालो, "मी आलो. उशीर झाला, पण आलो."

खाली, फार खाली, एक पांढरा ठिपका होता. मग त्याच्या शेजारी दुसरा. दोन ताटल्या. त्यातल्या एकीवरून काहीतरी काळं सरकलं, डावीकडून उजवीकडे. मग पुन्हा एकदा. अंगठ्यानं पुसावं तसं, दोनदा.

अठ्ठावन्न. साठ. दोरी संपली. टोक माझ्या मुठीत होतं आणि मुठीला गार पाणी लागत होतं.

पुन्हा एक हिसका.

"नाही ना," मी म्हणालो. "संपली. दोरी संपली, दादा." मी पुढे झुकलो. कोपर पाण्यात गेला. पुढे खांदा गेला असता, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. एवढंच कळत होतं की सोडायची नाही.

मागून माझ्या शर्टाला कोणीतरी घट्ट धरलं.

वहिनी होती. तिच्या हातात कपड्यांची तार होती, खांबावरून ओरबाडून काढलेली. तिनं पाण्याकडे पाहिलं. काय दिसलं ते मी तिला विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. 

"बांधा," ती म्हणाली. "टोकाला बांधा लवकर. मी तुम्हाला धरते."

मी दातांनी गाठ ओढली. तार खाली जायला लागली. एक हात, दोन हात. वहिनी माझ्या पाठीशी टाच रोवून उभी होती आणि तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता.

मग तार थांबली.

एक. दोन.

ओढ. तो ओढ म्हणतोय. आणि त्याच क्षणी मला भीती वाटली, आयुष्यात वाटली नव्हती अशी. कारण सव्वा महिन्यापूर्वी मी त्याला खांदा दिला होता. मग वर येईल ते काय?

तीन.

तिसरा हिसका आधीच्या दोहोंपेक्षा हलका होता. तार सैल झाली.

"काय म्हणाले?" वहिनीनं विचारलं. तिला इशारे माहीत नव्हते.

मी तार मुठीभोवती गुंडाळली. मग म्हणालो, "पाय टेकले म्हणतो."

ती माझ्या शेजारी खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडली. सव्वा महिन्यात मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

७

टिप्पर आला. ड्रायव्हर मागच्या दारातून आत आला आणि त्यानं आम्हाला पाहिलं. टाक्याच्या काठावर मी, मुठीत तार, शर्ट ओला. बाजूला वहिनी.

"कहाँ डालना है, दीदी?"

वहिनी उठली, डोळे पुसले आणि अगदी घरच्या आवाजात म्हणाली, "वापस ले जाओ, भैया. हमारा आदमी नीचे है."

त्यानं वाकून पाण्यात पाहिलं. चार फूट पाणी, निळा तळ, आठ मासे. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग गाडी मागे घेतली.

तार आता पेरूच्या झाडाला बांधली आहे, पण तिचा एक वेढा माझ्या मनगटाला असतो. वहिनी सकाळी दोन कप चहा आणते, एक मला. भैयालालजी रविवारी येतात, नळी उजेडात धरतात आणि म्हणतात, ऐसा पानी तो हमारे यहाँ भी नहीं. तारेबद्दल विचारत नाहीत. मी अमोनिया मोजतो, पीएच मोजतो, स्पंज टाक्याच्याच पाण्यात हलकेच हलवतो. वहीत लिहितो, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात. पाणी मी बिघडू देणार नाही. पाणी गढूळ झालं तर त्याला वरचा उजेड दिसणार नाही.

गाठींचा रकाना मी रिकामा ठेवतो.

तीनच्या पुढे काय येतं ते मला माहीत आहे. काम झालं की खालचा माणूस दोन हिसके देतो. आमच्या बापाच्या वेळेपासून तसंच आहे. तो दोन देऊन थांबला की मला ओढावं लागेल, मग काहीही वर येवो.

कधी दुपारी बेबी मधल्या भागापर्यंत येते, थांबते आणि वळत नाही. खाली बघत राहते. तेव्हा मी मनगटावरचा वेढा घट्ट करतो आणि पाय रोवतो.

या वेळी मी सोडणार नाही.